जुनी सुपरहिरो कॉमिक्स: पान बोलतं कसं

'द अमेझिंग स्पायडर-मॅन'चा ३३वा अंक, फेब्रुवारी १९६६. पहिल्याच पानावर स्पायडर-मॅन एका अवाढव्य यंत्राखाली अडकून पडलाय. जागा म्हणजे डॉक्टर ऑक्टोपसचा पाण्याखालचा अड्डा. छतातून पाणी ठिबकतंय, आणि समोर, हात जेमतेम पोहोचणार नाही अशा अंतरावर, एक छोटा डबा पडलाय. त्या डब्यात त्याच्या काकूचा, आंट मेचा, जीव वाचवणारं औषध आहे. ती रुग्णालयात शेवटच्या घटका मोजतेय, आणि तिच्या अंगात जे विष भिनलंय ते पीटरनेच, म्हणजे मुखवट्याआडच्या स्पायडर-मॅननेच, तिला दिलेल्या रक्तातून आलंय.

पुढे काय होतं ते एका वाक्यात सांगता येईल: तो सगळा जोर लावून यंत्र उचलतो. एखाद्या चित्रकाराने हे दोन चौकटींत उरकलं असतं. स्टीव्ह डिटकोने त्यासाठी पानामागून पान दिलं. तो प्रयत्न करतो, कोसळतो, पुन्हा करतो. डोळ्यांसमोर आंट मे आणि अंकल बेनचे चेहरे येतात. यंत्र हळूहळू हलतं तशा चौकटीही मोठ्या होत जातात, आणि शेवटी एका अख्ख्या पानावर एकच चित्र उरतं: यंत्र डोक्यावर, पाय रोवलेले, सुटका झालेली.

सुपरहिरो कॉमिक्सचे जुने चाहते आजही या पानांपाशी परत येतात. कथा त्यांना तोंडपाठ असते, यंत्र उचललं जाणार हे ठाऊक असतं, तरी बघताना खांदे ताठ होतात. हे कसं घडतं ते समजून घेतलं की जवळपास प्रत्येक जुनं कॉमिक्स वेगळं दिसायला लागतं, म्हणून सुरुवात इथून केली.

सिनेमात एखादं दृश्य किती सेकंद टिकणार हे दिग्दर्शक ठरवतो. कॉमिक्सच्या चित्रकाराकडे घड्याळच नसतं. त्याच्याकडे असते फक्त जागा: पानावर किती चौकटी मांडायच्या, त्या केवढ्या करायच्या, एकीतून दुसरीत जाताना डोळ्याला किती अंतर चालायला लावायचं. एका छोट्या हालचालीला दहा चौकटी दिल्या की वाचकाला दहा ठिकाणी थांबावं लागतं आणि ती हालचाल लांबते. तीच हालचाल एका चौकटीत घातली तर ती क्षणात संपते. म्हणजे कॉमिक्समध्ये वेळ मोजायचा तर तो सेंटिमीटरमध्ये. डिटकोने यंत्राचं वजन स्नायू फुगवून दाखवलेलं नाही. आपल्याला किती वेळ वाट बघायला लावली, त्यातून ते वजन जाणवतं. आणि अरुंद चौकटींत कोंडल्यावर अचानक मोकळं पान मिळालं की स्पायडर-मॅनबरोबर आपणही श्वास सोडतो.

दोन चौकटींच्या मधली पट्टी

चौकटींच्या मध्ये जी पांढरी पट्टी असते तिला इंग्रजीत गटर म्हणतात. बघायला तिथे काहीच नसतं, पण कॉमिक्सची बरीचशी गोष्ट तिथेच घडते. एका चौकटीत उगारलेली मूठ, पुढच्या चौकटीत भिंतीवर आपटलेला माणूस. ठोसा कुठेच काढलेला नाही. तो आपण मारला. वाचकाचं डोकं ही दरी आपोआप भरून काढतं, इतक्या सहज की ते काम आपण केलं याचा पत्ताही लागत नाही.

या पट्टीचा सर्वांत भेदक उपयोग मला वाटतो तो स्पायडर-मॅनच्याच १२१व्या अंकात आहे. जून १९७३, लेखक जेरी कॉनवे, चित्रकार गिल केन. खलनायक ग्रीन गॉब्लिन पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला पुलावरून खाली ढकलतो. स्पायडर-मॅन जाळं सोडतो, जाळं तिच्या पायाला चिकटतं, ती मध्येच थांबते. त्या चौकटीत तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत एक आवाज लिहिलेला आहे: 'स्नॅप!' बाकीचे आवाज सुपरहिरो कॉमिक्समध्ये अर्धी चौकट व्यापतात, स्फोट होतात, काच फुटते. हा मात्र इतका लहान की घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. पुढे स्पायडर-मॅन तिला वर ओढत असतो आणि स्वतःच्याच करामतीवर खूश होऊन बोलत असतो. ज्याने ती अक्षरं पाहिली त्याला त्याचं ते बोलणं ऐकवत नाही, कारण आपल्याला जे कळलंय ते त्याला अजून कळलेलं नाही.

ती पडतानाच मेली होती की जाळ्याच्या हिसक्याने तिची मान मोडली? यावर वाचकांनी वर्षानुवर्षं वाद घातला. काही अंकांनंतर पत्रांच्या पानावर संपादकीय खुलासा आला की हिसक्यानेच. पण खुलासा येण्याआधी हा प्रश्न वाचकांच्या मनात पेरला तो त्या इवल्याशा शब्दाने आणि तो जिथे ठेवला त्या जागेने. गोष्टीचं शीर्षकही नेहमीसारखं पहिल्या पानावर नाही, ते शेवटच्या पानावर येतं. आधी छापलं असतं तर शेवट तिथेच फुटला असता.

याच अंकात शब्द आणि चित्र यांची चुकामूकही आहे. मजकूर म्हणतो की हा जॉर्ज वॉशिंग्टन पूल आहे; केनने काढलेले टोकदार कमानींचे दगडी मनोरे उघडउघड ब्रुकलिन पुलाचे आहेत. लहानपणी मजकुरावर विश्वास ठेवून पुढे जाणारा वाचक मोठेपणी चित्राकडे नीट बघतो तेव्हा त्याला हे दिसतं.

गोष्ट सांगितली कोणी?

हा प्रश्न जुन्या कॉमिक्सच्या चाहत्यांना आतून लागलेला असतो, आणि मलाही. साठच्या दशकात स्पायडर-मॅन छापणाऱ्या मार्व्हल या प्रकाशनसंस्थेत कामाची एक पद्धत होती. लेखक आणि चित्रकार कथेचा ढोबळ आराखडा ठरवत, कधी फक्त बोलूनच. मग चित्रकार घरी जाऊन पूर्ण अंक पेन्सिलने काढत असे: कुठला प्रसंग लांबवायचा, कुठला कापायचा, कोण कुठे उभं राहील, कोणाच्या चेहऱ्यावर काय असेल, हे सगळं त्याचं. पानं परत आली की लेखक त्यावर संवाद लिहायचा. आज ज्याला आपण पटकथा आणि दिग्दर्शन म्हणू, त्यातलं बहुतेक काम असं चित्रकाराच्या टेबलावर होत होतं.

यंत्राच्या त्या अंकापर्यंत डिटको आणि संवाद लिहिणारे स्टॅन ली यांच्यातलं बोलणं जवळपास बंद झालं होतं. कथानक डिटकोच रचत होते आणि त्याआधीच्या काही अंकांपासून श्रेयनामावलीत तसं छापलंही जात होतं. ३८व्या अंकानंतर ते मालिका सोडून गेले. ली यांच्या संवादांनी पीटर पार्करला जी चटपटीत, दुखरी, आपल्यातली वाटणारी भाषा दिली ती मोलाचीच आहे. पण 'स्टॅन लीने निर्माण केलेला स्पायडर-मॅन' असं जेव्हा कोणी सहज म्हणून जातं, तेव्हा ती पानं डोळ्यांपुढे आणावीत.

या धंद्यात लेखक-चित्रकारांवर अन्याय पहिल्या दिवसापासून झालाय. जेरी सिगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरना विकले. बॅटमॅनच्या घडणीत मोठा वाटा असलेल्या लेखक बिल फिंगरचं नाव बॅटमॅनच्या श्रेयात अधिकृतपणे यायला २०१५ उजाडलं. तोवर त्यांना जाऊन चार दशकं झाली होती. मार्व्हलचे चित्रकार जॅक कर्बी यांना आपलीच मूळ चित्रं परत मिळवण्यासाठी झगडावं लागलं, आणि १९८७ मध्ये हाती आला तो त्यांतला काहीच भाग.

कर्बीची मूठ

डिटकोशेजारी कर्बी ठेवला की दोघंही जास्त कळतात. डिटकोची माणसं सडपातळ, बोटं लांब आणि अस्वस्थ, चौकटी गच्च भरलेल्या. डॉक्टर स्ट्रेंजचे हात बघा, मंत्र बोटांतून बाहेर पडतात. कर्बीची माणसं मात्र पानातून बाहेर येतात. ठोसा मारणाऱ्याची मूठ वाचकाच्या अगदी तोंडाजवळ, डोक्याएवढी मोठी, आणि खांदा लांब मागे लहान होत गेलेला. पाय फाकलेले, अंग ताणलेलं. ठोसा लागण्याच्या आधीचा टोकाचा ताण किंवा लागल्यानंतरचा टोकाचा झटका, यांपैकीच एक क्षण कर्बी निवडतात. मधला, निवांत क्षण ते घेतच नाहीत.

'फॅन्टास्टिक फोर'चे ४८ ते ५० हे अंक (१९६६) पुन्हा काढून बघा. ग्रह गिळणारा गॅलॅक्टस पृथ्वीवर येतो. त्याचा आकार कळावा म्हणून कर्बी आजूबाजूला माणसं, छपरं, इमारती अशा ठेवतात की आपण आपोआप मान वर करतो. अवकाशातली ऊर्जा दाखवायला ते काळ्या ठिपक्यांचे पुंजके वापरायचे. चाहत्यांनी त्याला 'कर्बी क्रॅकल' असं नाव दिलंय. नुसते काळे ठिपके, आणि तरी मधला पांढरा कागद धगधगतोय असं वाटतं. पुढे असंख्य चित्रकारांनी ही युक्ती उचलली.

नऊ चौकटींचा ठेका

१९८६ साली दोन मालिका आल्या आणि त्यांनी पानाच्या रचनेलाच कथेचा भाग केलं. ॲलन मूर, डेव्ह गिबन्स आणि रंगांसाठी जॉन हिगिन्स यांची 'वॉचमेन' ही त्यातली एक.

'वॉचमेन'चं बहुतेक पान तीन गुणिले तीन अशा नऊ सारख्या चौकटींवर उभं आहे. कंटाळवाणं वाटेल असं हे बंधन तबल्याच्या ठेक्यासारखं चालतं: एकदा तो कानात बसला की एखादी मात्रा लांबवली तरी लगेच जाणवते. पहिलंच पान घ्या. सुरुवात गटारात पडलेल्या पिवळ्या हसऱ्या बिल्ल्यावर, त्याच्यावर रक्ताचा एक ओघळ. पुढच्या प्रत्येक चौकटीत आपण थोडे वर जातो: फुटपाथ, रक्त धुणारा माणूस, रस्ता, इमारतीची उंची. शेवटची चौकट रुंद, आणि तिच्यात आपण त्या फुटलेल्या खिडकीपाशी पोहोचलेले असतो जिथून कोणीतरी खाली फेकलं गेलंय. पडण्याचा सगळा प्रवास उलटा, खालून वर. पडणारा माणूस मात्र या पानावर दाखवलेला नाही.

पाचवा अंक तर आरशासारखा रचलाय. पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानाशी जुळते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याशी, असं करत मधल्या जोडपानावर दोन्ही बाजू भेटतात. पहिल्यांदा वाचताना हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही, येण्याची गरजही नाही. आणि अकरा अंक हा ठेका धरल्यावर बारावा अंक उघडतो तो सलग सहा अख्ख्या पानांनी. न्यू यॉर्कमध्ये प्रेतांचा खच पडलाय. संवादांचे फुगे नाहीत, चौकटी नाहीत. इतके दिवस ज्या शिस्तीवर आपण विसंबलो ती मोडल्याचा धक्का त्या दृश्याच्या धक्क्यात मिसळतो. एखाद्या मालिकेत दर तिसऱ्या पानाला अख्खं चित्र असेल, तर हा परिणाम कधीच साधणार नाही. आजच्या कित्येक अंकांची माझ्या मते हीच अडचण आहे.

दुसरी मालिका फ्रँक मिलर यांची 'द डार्क नाइट रिटर्न्स'. पेन्सिलच्या रेषांवरची शाई क्लाउस जॅन्सन यांची, रंग लिन व्हार्ली यांचे. मिलर पानाचे सोळा तुकडे करतात. ब्रूस वेनच्या आईवडिलांचा खून त्या बारीक चौकटींत येतो: पिस्तूल धरलेल्या हातात अडकलेली मोत्यांची माळ, ताणलेला दोरा, विखुरणारे मणी. आठवण अशीच तुकड्यातुकड्यांनी येते. टीव्हीवर बडबडणारे बातमीदारही पडद्याच्या आकाराच्या चौकटींत कोंबलेले आहेत, त्यामुळे सगळं शहर एकाच वेळी बोलतंय असं वाटतं. मग पान उलटावं आणि समोर अख्ख्या पानभर बॅटमॅन. चाळीस-पन्नास छोट्या चौकटी वाचून आल्यावर तो जेवढा मोठा दिसतो, तेवढा एरवी दिसला नसता.

पान उलटण्याचाही इथे हिशेब असतो. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत प्रश्न सोडायचा आणि उत्तर उलटल्यावर डाव्या पानावर द्यायचं, ही जुन्या कारागिरांची सवय. फोनवर एकेक चौकट सरकवत वाचणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही, कारण त्याच्यासमोर पान कधी येतच नाही. फोन आडवा धरून का होईना, पूर्ण पान बघावं.

मराठी वाचकांसाठी यात एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्यातल्या पुष्कळांना चौकटी वाचायला शिकवलं ते इंद्रजाल कॉमिक्सने, १९६४ पासून, वेताळ आणि मॅन्ड्रेकच्या गोष्टींतून. त्या गोष्टी मुळात वृत्तपत्रांत रोज छापल्या जाणाऱ्या आडव्या पट्ट्या होत्या. पुस्तकाच्या पानात बसवण्यासाठी चौकटी कापून, सरकवून लावल्या जायच्या. त्यामुळे वेताळच्या पानावर एखाद्या चौकटीचं चित्र कितीही सुंदर असलं, तरी संपूर्ण पानाची रचना अशी कोणी कल्पिलेलीच नव्हती. चित्रकाराचा घास होता तीन-चार चौकटींची पट्टी. अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्समध्ये चित्रकार सुरुवातीपासून पूर्ण पान डोळ्यांपुढे ठेवून काम करतो. इंद्रजालवर वाढलेला वाचक डिटकोकडे किंवा गिबन्सकडे येतो तेव्हा त्याची नजर एकेका चौकटीवर जायला सरावलेली असते. तिला पानापासून थोडं मागे सरकायची सवय लावावी लागते.

हल्क आधी करडा होता

मे १९६२ च्या पहिल्या अंकात हल्क करड्या रंगाचा आहे. स्वस्त कागदावर, त्या काळच्या छपाईत, करडा रंग एकसारखा उमटेना. कुठे फिका, कुठे जवळजवळ काळा, कुठे हिरवट झाक. दुसऱ्या अंकापासून हल्क हिरवा झाला आणि पुढे बहुतेक काळ तसाच राहिला. जगातल्या सर्वांत ओळखीच्या हिरव्या माणसाचा रंग छापखान्याच्या अडचणीतून आलाय.

ती छपाई समजली की जुन्या कॉमिक्सचे रंग तसे का दिसतात हे कळतं. काळी शाई रेषांसाठी. बाकी निळसर, गुलाबी-लाल आणि पिवळी अशा तीनच शाया, आणि प्रत्येकीच्या चार पायऱ्या: नाही, पाव, अर्धी, पूर्ण. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४ रंग. पाव आणि अर्धी पायरी बारीक ठिपक्यांनी साधायची. रंग ठरवणारा कलाकार चित्राच्या छोट्या प्रतीवर रंग भरून शेजारी खुणा लिहायचा, आणि त्या खुणांवरून दुसरीकडे कुठेतरी छपाईच्या पट्ट्या तयार व्हायच्या. मेरी सेव्हरिन यांच्यासारख्यांनी या एवढ्याशा सामग्रीतून जे काढलं ते थक्क करणारं आहे. गर्दीतल्या दहा माणसांना एकच सपाट जांभळा दिला की समोरचा नायक आपोआप उठून दिसतो. मागची भिंत एका चौकटीत निळी आणि पुढच्या चौकटीत विनाकारण लाल असेल, तर कारण असतंच: कोणीतरी भडकलेला असतो.

नायकांना भडक मूळ रंग, खलनायकांना मिश्र रंग, ही रूढीही याच काळातली. सुपरमॅन, स्पायडर-मॅन, कॅप्टन अमेरिका, सगळे लाल-निळे. ग्रीन गॉब्लिन, जोकर, लेक्स लूथर यांच्या अंगावर हिरवा आणि जांभळा. हिगिन्सने 'वॉचमेन'मध्ये बहुतेक पानांवर हेच मिश्र रंग पसरले. नायक म्हणवणारी माणसं आधीच खलनायकांच्या रंगात वावरताहेत, आणि त्यावर कोणी एक शब्दही बोलत नाही.

म्हणून पुनर्मुद्रणाचा प्रश्न नाजूक आहे. सच्छिद्र, पिवळट कागदावर शाई मुरायची आणि भडक रंग शांत व्हायचे. रंगांची तीच प्रमाणं चकचकीत पांढऱ्या कागदावर जशीच्या तशी छापली तर रंग डोळ्यांत खुपतात, म्हणून बऱ्याच आवृत्त्यांत संगणकावर नवे रंग भरले जातात, छटा आणि सावल्या घातल्या जातात. डिटकोच्या रेषेला त्या सावल्यांची गरज नव्हती. सावली त्याने काळ्या शाईतच दिलेली होती. दुसरीकडे 'द किलिंग जोक' या बॅटमॅन-जोकरच्या गोष्टीचं उदाहरण आहे. १९८८ च्या मूळ आवृत्तीत हिगिन्सचे रंग तापलेले, गुलाबी-नारिंगी, जत्रेतल्या दिव्यांसारखे होते. चित्रकार ब्रायन बोलंड यांना ते पटले नव्हते, म्हणून २००८ च्या आवृत्तीत त्यांनी स्वतः थंड, विटके रंग दिले आणि गतकाळाच्या दृश्यांत तर जवळजवळ काळंपांढरं ठेवलं. कथा तीच, रेषा त्याच, तरी जोकरचं वेड पहिल्या आवृत्तीत अंगावर येतं आणि दुसरीत लांबून दिसतं. मला पहिली जवळची. ज्यांना दुसरी आवडते त्यांचंही म्हणणं खोटं नाही, पण मत बनवण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून बघायला हव्यात.

आता मार्व्हल आणि सुपरमॅन-बॅटमॅनची डीसी या दोन्ही प्रकाशनसंस्था जुन्या अंकांच्या हुबेहूब प्रती काढतात, मूळ रंगांसह आणि मूळ जाहिरातींसह. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्याच घ्याव्यात. एकदा नेहमीसारखं वाचावं. दुसऱ्यांदा फुगे वाचूच नयेत, नुसतं बघत जावं, आणि कथा कुठे कळेनाशी होते ते पाहावं. कर्बी आणि डिटकोच्या अंकांत ती क्वचितच हरवते. जिम स्टेरॅन्को यांच्या जून १९६८ च्या 'निक फ्युरी'च्या पहिल्या अंकात तर सुरुवातीच्या तीन पानांवर एकही संवाद नाही.

याहून खोलात जायचं असेल तर मूळ चित्रांच्या पूर्ण आकारातल्या आवृत्त्या निघतात. त्यांत पेन्सिलच्या खुणा, पांढऱ्या रंगाने केलेल्या दुरुस्त्या, चिकटवलेले फुगे सगळं दिसतं. साठच्या दशकातल्या कर्बींच्या पानांच्या कडेला त्यांनी स्वतः लिहिलेल्या टिपा आहेत: या चौकटीत काय चाललंय, कोण काय म्हणतंय. त्या टिपा आणि छापलेले संवाद शेजारी ठेवून वाचता येतात. आणि स्पायडर-मॅन पहिल्यांदा जिथे आला त्या 'अमेझिंग फॅन्टसी'च्या १५व्या अंकाची डिटकोने काढलेली सगळी २४ मूळ पानं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. २००८ मध्ये कोणीतरी ती नाव न सांगता देऊन टाकली. विकायला काढली असती तर किती पैसे मिळाले असते याची कल्पना देणाऱ्याला नक्कीच असणार.